ताईच्या हातांना बसेल अशी लेन्स

आमच्या ताईने आयुष्यभर हजारो माणसांना एकच थाप मारली. "काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल." ती लॅबमध्ये रक्त काढायची. थाप म्हणतो खरा, पण ती ऐकली की समोरचा हात सैल सोडायचा, आणि "आता टोचणार का?" असं तो विचारेपर्यंत ताईचं काम उरकून कापूस दाबून झालेला असायचा. चांगली आडदांड माणसं दारातूनच चौकशी करायची, "त्या बाई आहेत ना आज?" नसली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशीपोटी यायची. हलका हात म्हणतात तो हाच.

मी तिचा धाकटा भाऊ. मी सोफे विकतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी लेन्सबद्दल मतं देणार आहे आणि सोफेवाल्याला त्यातलं काय कळतं, असं कुणीतरी विचारणारच. लेन्समधलं कळत नसेल, पण दुकानातलं कळतं. समोरचा विक्रेता खरं बोलतोय की गोदामात पडून राहिलेला माल गळ्यात मारतोय, हे मी त्याच्या भुवयांवरून ओळखतो. घरात ही माझी विद्या कुणी मानत नाही, ते सोडा.

ताईचे हात बिघडले ते आधी चमच्याला कळलं. आमटी वाढताना चमचा पातेल्याच्या काठावर टकटक वाजायला लागला. मग चहा बशीत सांडायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ही थरथर घातक नाही. हात मांडीवर पडलेला असला की गप्प बसतो, काही धरायला गेला की सुरू होतो. गोळीने थोडी आटोक्यात राहील, जाणार नाही. शिवाय ती घराण्यातून येते. हे ऐकल्यापासून मी रोज सकाळी आरशासमोर दोन्ही हात पुढे करून बघतो. अजून तरी माझे फक्त गुडघे दुखतात.

लॅबमध्ये तिने बरेच दिवस कुणाला कळू दिलं नाही. मग एका सकाळी एका आजोबांना तिला दोनदा सुई टोचावी लागली. आजोबांनी कुरकुर केली नाही. उलट म्हणाले, "माझ्याच शिरा चोरट्या आहेत." ताईने सुई खाली ठेवली, शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारली आणि त्या दिवसानंतर पुन्हा कुणाला टोचलं नाही. लॅबच्या साहेबांनी तिला रिपोर्ट वाटायच्या खिडकीवर बसा म्हणून सांगितलं. साहेब चांगला माणूस होता. पण ताई घरी येऊन म्हणाली, "खिडकीत बसून दुसरीला सुया टोचताना बघत बसू? त्यापेक्षा घरी बसते." आणि बसली.

घरी बसली म्हणजे काय केलं, तर हात लपवले. मोठ्या खिशांचा एक राखाडी स्वेटर होता, तो तिने अंगाला चिकटवून घेतला. कुणी आलं की दोन्ही हात खिशात. चहाचा ट्रे भावोजी आणायचे आणि ताई म्हणायची, "माझा आत्ताच झाला." तिचा कधीच झालेला नसायचा. पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहून गार चहा दोन्ही हातांनी कप धरून प्यायची. मी एकदा ते पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी भावोजींना ट्रे नीट पुसत नाही यावरून बोललो.

भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, हे मुळात कमी बोलणारे. त्यांनी ट्रे पुसला.

कॅमेरा आला तो माझ्या भाचीमुळे. तिने स्वतःला नवा घेतला आणि जुना आईच्या हातात ठेवला. "घरात बसून भिंतींचे काढ, पण काढ." ताईने भिंतींचे काढले नाहीत. इमारतीच्या मागे, पाण्याची टाकी आणि कुंपण यांच्यामध्ये एक रिकामा पट्टा आहे. टाकी जन्मापासून गळते, त्यामुळे तिथे कायम एक डबकं असतं आणि भोवती गुडघाभर गवत. सोसायटीच्या प्रत्येक सभेत ते कापायचं ठरतं आणि सभा संपली की सगळे विसरतात. तिथे कुणी फिरकत नाही, म्हणजे तिथे हात खिशातून काढायला हरकत नाही. ताई तिथे जायला लागली आणि किड्यांच्या नादी लागली.

"अरे, माशीचे डोळे बघितलेस का कधी?" ती मला फोनवर म्हणाली. "जाळीदार. आणि हिरवे." मी माशीला आजवर फक्त फडक्याने बघितलं होतं. पण तिचा आवाज ऐकला. लॅब सुटल्यापासून असा आवाज ऐकला नव्हता, म्हणून मी माशीचं कौतुक केलं.

फोटो मात्र सगळे वाईट. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्समध्ये किडा मोहरीएवढा यायचा, आणि मोठा करून बघावा तर नुसता पुसट डाग. तिने पडद्यावर मला एकामागून एक दाखवले. हा नाकतोडा. ही गांधीलमाशी. हा काय कोण जाणे. मी "वा" म्हणत होतो आणि तिला ते कळत होतं.

"किडे जवळून काढायची वेगळी लेन्स असते," ती म्हणाली. "मॅक्रो. ती घेते. एवढं करून बघते. तिनेही जमलं नाही, तर कॅमेरा पोरीला परत देईन आणि या हातांना पुन्हा काही काम सांगणार नाही. शहाण्या बाईने किती वेळा तोंडघशी पडायचं?"

हे मी हसण्यावारी नेलं नाही. कारण ताई बोलते तसं करते. सुई खाली ठेवली ती ठेवलीच. कॅमेराही असाच खाली ठेवला असता, आणि मग उरला असता फक्त तो स्वेटर.

म्हणून मी मनावर घेतलं. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा सोफ्यावर बसून मॅक्रो लेन्सबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. मालकाने दोनदा डोळे वटारले. वाचून माझं मत पक्कं झालं: लांब लेन्स. एकशेऐंशी मिलिमीटरची. लांबून फोटो निघतो, किडा बिचकत नाही, आणि आत हाताची थरथर सांभाळून घेणारी यंत्रणा असते. हात हलतात, यंत्रणा आहे, प्रश्न मिटला. मी भावोजींना हे सगळं कागदावर काढून समजावलं. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "वजन किती?" मी म्हटलं, वजनाचं काय घेऊन बसलात.

दुकान अरुंद होतं. दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, मधे एक माणूस जाईल एवढी वाट. दुकानदार त्या वाटेच्या मानाने फारच रुंद होता. चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं सावकाश.

"काय टिपायचंय?"

"किडे," ताई म्हणाली.

"उडणारे की चालणारे?"

"बसलेले."

त्याला हे उत्तर आवडलं. मी मधे पडून एकशेऐंशीची लेन्स मागितली. त्याने ती काढून कॅमेऱ्याला लावली आणि ड्रॉवरमधून एक डबी काढली. डबीत दात कोरायच्या काडीला चिकटवलेला एक वाळका भुंगा होता. गिऱ्हाइकांना लेन्स तपासायला म्हणून त्याने तो जपून ठेवला होता. काडी हातात धरून तो उभा राहिला.

ताईने कॅमेरा उचलला आणि तो खाली झुकला. एवढ्या लोखंडाचा भार हातांवर आल्यावर ते थरथरायचे थांबतील कसे? आणखीच थरथरले. तिने पुन्हा उचलला, पुन्हा. काढलेले फोटो पाहिले तर भुंगा कुठे आणि काडी कुठे तेच कळेना. मी म्हटलं, यंत्रणा चालू केली आहे ना? चालू होती. मग दुकानदाराने शंभरची दिली. ती जरा हलकी, फोटो जरासे कमी वाईट. त्याने विचारलं, "घाईत दाबताय का?"

मी तोंड उघडलं, पण ताईनेच सांगितलं. "घाई नाही. माझे हात हलतात." परक्या माणसाला हे सांगताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. मी कपाटातल्या झाकणांकडे बघत राहिलो.

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग तुम्हाला खरं सांगतो. हात डावी-उजवीकडे, वर-खाली हलला तर ही यंत्रणा सांभाळून घेते. तेही इतक्या जवळून थोडंच. पण माणूस मागे-पुढे झुलतो, त्याचं ती काही करू शकत नाही. भुंग्याच्या डोळ्यावर नेम धरलात आणि केसभर पुढे सरकलात, की डोळा गेला आणि पाठ आली."

मी त्याच्या भुवया बघत होतो. जागच्या जागी होत्या. माणूस खरं बोलत होता, आणि ते माझ्या कागदाच्या दृष्टीने फार गैरसोयीचं होतं.

"मग कॅमेऱ्याला तिपाई घेऊ," मी म्हटलं.

"गवतात तिचे पाय पसरत बसेपर्यंत किडा माझी वाट बघत थांबणार आहे का?" ताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिने कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि हात स्वेटरच्या खिशांकडे निघाले. मला ते बघवेना. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "ती छोटी कुठली आहे? तीही बघू की, आलोच आहोत तर."

"ती साठची," दुकानदार म्हणाला. "हलकी आहे, पण आत यंत्रणा वगैरे काही नाही. आणि किड्याच्या अगदी तोंडाशी जावं लागतं. हात हलणाऱ्याला मी ही सहसा दाखवत नाही." तरी त्याने ती लावून दिली आणि काडी पुढे धरली.

ताई जवळ गेली. आणखी जवळ. भुंगा आणि लेन्स यांच्यात चार बोटांचंही अंतर राहिलं नाही. दुकानदाराचा हात आता तिच्या नाकाखाली होता, जाडजूड, बाही वर सारलेला. आणि ताईने जे केलं ते तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी केलं नसतं. तिने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, अंगठ्याने किंचित दाबलं आणि अगदी सवयीच्या आवाजात म्हणाली, "मूठ आवळा. हं, आता हात सैल."

दुकानदाराने मूठ आवळली. नुसती आवळली नाही, तर मान पलीकडे वळवून डोळे मिटून घेतले. रक्त द्यायला बसलेली माणसं करतात अगदी तसं. आपण लेन्स विकतोय हे तो त्या क्षणी साफ विसरला होता.

तिने लेन्स आपल्याच डाव्या हातावर टेकवली आणि बटण दाबलं.

"झालं," ती म्हणाली, आणि मग स्वतःच गोंधळली. "अगंबाई. माफ करा हं. सवय हो."

दुकानदाराने डोळे उघडले, आधी आपल्या दंडाकडे बघितलं आणि मग कॅमेऱ्याच्या पडद्याकडे. पडद्यावर भुंग्याचं तोंड होतं. मिशा होत्या. मिशांवरचे केस होते. डोळ्यावर धुळीचा एक कण बसला होता, तो स्पष्ट दिसत होता. आम्ही तिघंही त्या कणाकडे बघत उभे राहिलो.

"पुन्हा काढा," दुकानदार म्हणाला आणि आपणहून मनगट पुढे केलं.

तिने पुन्हा काढला. पुन्हा आला. हात हलत होते, मला दिसत होते. पण तिचा हात त्याच्या मनगटावर, लेन्स तिच्या हातावर आणि भुंगा त्याच्या मुठीत. जे काही हलत होतं ते सगळं मिळून हलत होतं. भुंगा आणि लेन्स यांच्यातलं अंतर होतं तेवढंच राहत होतं.

"रक्त काढताना हेच करायचं असतं," ताई हळूहळू बोलली, जणू स्वतःलाच सांगत होती. "करंगळी त्या माणसाच्या हातावर टेकवायची. तो दचकला तर सुईही त्याच्याबरोबर हलली पाहिजे, म्हणजे शीर सुटत नाही. हात स्थिर असून काय करता? समोरचा कुठे स्थिर असतो?" मग ती माझ्याकडे वळली. "तुझ्या त्या लांबच्या लेन्सने मी किड्यापर्यंत हात पोचवणार कसा रे?"

मी कागद खिशात आणखी खोल सारला. साठचीच घेतली, आणि तिच्याबरोबर दुकानदाराने एक छोटा फ्लॅश काढून दिला. त्याच्या उजेडाने फोटो क्षणाच्याही छोट्याशा तुकड्यात निघतो, म्हणजे उरलीसुरली थरथर सापडत नाही, असं त्याने सांगितलं. निघताना त्याने हळूच ताईला विचारलं, "हल्ली मला साखरेची तपासणी करायला सांगितलीये. फार दुखतं का हो?" ताई काय म्हणाली असेल ते तुम्हाला माहीत आहे.

आता सगळं सुरळीत झालं असेल असं वाटत असेल तर तसं नाही. वाळका भुंगा उडत नाही, जिवंत उडतो. पहिल्या आठवड्यात ताईने बरंचसं रिकामं गवत टिपलं. ती पानाला हात लावायची आणि पानावरचा पाहुणा गायब. दुपारी जाऊन पाहिलं, संध्याकाळी जाऊन पाहिलं. माझ्याकडे किडे शोधायचं काम होतं, कारण माझी नजर चांगली आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. डबक्याने माझे दोन जोड बूट खाल्ले. एकदा मी "इकडे, इकडे" म्हणून ओरडलो आणि माझ्या ओरडण्यानेच तो नाकतोडा कुंपणापलीकडे गेला. ताई म्हणाली, "तू सोफ्याचं गिऱ्हाईक असंच घालवतोस का?"

किडे उडून जातात त्यावरचं उत्तर भावोजींनी दिलं. पेपर वाचता वाचता ते म्हणाले, "रक्त काढायला लोक सकाळी यायचे ना?" एवढंच. पेपरचं पान उलटलं आणि पुढे वाचायला लागले. त्यांना त्यातून नक्की काय सुचवायचं होतं ते आजतागायत मला कळलेलं नाही, आणि विचारलं तर ते सांगत नाहीत. पण ताई दुसऱ्या दिवशी उजाडताच खाली उतरली आणि मला फोन करून अंथरुणातून उठवलं.

सकाळी गार असतं. किडे गारठलेले असतात. ऊन अंगावर आल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. गवतावर दंव होतं आणि एका पात्यावर एक टाचणी बसली होती. टाचणी म्हणजे चतुराची बारीक बहीण. अंग काडीएवढं, निळं, आणि डोळे दोन बाजूंना. तिच्या अंगावर दंवाचे थेंब होते. ती जागी होती, पण हलत नव्हती.

ताई ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसली. डावा हात गवताच्या बुडाकडून हळूहळू वर आणला आणि टाचणीच्या जरा खाली ते पातं अंगठा आणि बोटात धरलं. पातं थरथरायला लागलं. टाचणीही थरथरायला लागली, पण उडाली नाही. ताईने लेन्स आपल्या हातावर टेकवली. मी श्वास रोखून उभा होतो आणि माझ्या उजव्या बुटात पाणी शिरत होतं. मला एवढंच कळत होतं की हे आज आलं नाही, तर ती कॅमेरा पुन्हा उचलणार नाही. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. माझ्या घरच्यांना हे खरं वाटत नाही.

ऊन टाकीवरून खाली उतरेपर्यंत ती काढत राहिली. मग टाचणीने पंख झटकले आणि डबक्यावरून निघून गेली.

ताई तिथेच चिखलात बसून फोटो बघायला लागली. पहिला पुसट. दुसरा पुसट. ती बोट दाबत पुढे जात होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कारण पडद्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. मग तिने नाक ओढलं आणि कॅमेरा माझ्याकडे दिला.

टाचणीचा डोळा अख्ख्या पडद्यावर होता. डोळ्यावर दंवाचा एक थेंब, आणि त्या थेंबात उलटी पाण्याची टाकी. मी तिला "वा" म्हटलं. या वेळी तिला ते खरं वाटलं.

तो फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत, पाहुणे बसतात तिथे लावायचा असं ठरलं. छापायला आम्ही त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने तो मोठ्या पडद्यावर उघडला आणि खुर्चीत मागे रेलून बराच वेळ बघत राहिला. मग खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथे तुमचा अंगठा आलाय. एवढा कापून टाकू. टाचणी मधोमध येईल, चित्र छान दिसेल."

अंगठा खरंच आला होता. पातं धरलेला. त्यावरची एकेक रेघ स्पष्ट दिसत होती, नखाजवळचा जुना व्रण दिसत होता, कडेला चिखल लागला होता तोही. मीही म्हटलं, "कापूनच टाका. पाहुणे म्हणतील, हे काय मधेच."

ताई पडद्याजवळ गेली. गेली दोन वर्षं जो हात तिने घरातल्या कुणाला नीट बघू दिला नव्हता, तो समोर ताटाएवढा मोठा दिसत होता आणि अजिबात हललेला नव्हता. ती त्याच्याकडे, जुन्या ओळखीचं माणूस भेटल्यावर बघतात तसं बघत होती. मी कपाटातल्या झाकणांचे भाव विचारायला लागलो.

"नका कापू," ती दुकानदाराला म्हणाली. "पाहुण्यांना कळू दे की कुणी धरलं होतं."

त्याने फोटो अंगठ्यासकट छापला.